ब्लड कॅन्सर झालेलं मूल बरं दिसायला लागलं, तरी रोज गोळी का? आणि तिचा खाडा कसा टाळायचा?

संध्याकाळी सातला हडपसर गाडीतळावरून घरी जायचं म्हणजे काय असतं, हे तिकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. सोलापूर रोड तुंबलेला, सासवड रोड तुंबलेला. घरी पोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात.

आता असं एक घर डोळ्यासमोर आणा. मांजरीत दोन खोल्या. वडील मगरपट्ट्यात सिक्युरिटीच्या कामावर, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. आई दोन घरची पोळ्यांची कामं करते. आजी सासवडहून येऊन-जाऊन असते. सहा वर्षांच्या मुलीला दीड वर्षापूर्वी ब्लड कॅन्सर निघाला. आता तिच्या डोक्यावर केस परत आलेत, ती शाळेत जाते, खालच्या पोरांबरोबर दंगा करते. फ्रिजवर औषधांचा डबा आहे. त्यातली एक गोळी रोज रात्री द्यायची.

आज आईला वाटलं आजीने दिली. आजीला वाटलं आईने दिली. वडील नाईटला होते. गोळी डब्यातच राहिली.

घर कल्पनेतलं आहे, पण मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्या कुठल्याही नर्सला विचारा, ती म्हणेल की असंच होतं. कुणी हलगर्जी नसतं. सगळ्यांनाच काळजी असते, आणि तरी गोळी राहते.

तर ही गोळी नेमकी कसली, ती राहिली तर काय बिघडतं आणि ती राहू नये म्हणून घरात काय करता येतं, ते बघू.

आधी आजार समजून घेऊ

मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’, थोडक्यात ‘एएलएल’. यात हाडांच्या आतल्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी अर्धवट अवस्थेतच भरमसाट वाढत सुटतात. १९५० च्या आधी हा आजार झालेलं मूल काही महिन्यांत जायचं. आज श्रीमंत देशांत १० पैकी साधारण ९ मुलं यातून बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे. त्यामागे जंतुसंसर्ग, उपचार अर्ध्यावर सुटणं आणि आजार परत उलटणं अशी कारणं आहेत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींचा घराशी थेट संबंध येतो.

उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. पहिले सहा-आठ महिने सलाईन, इंजेक्शनं, पाठीतली सुई, वारंवार ॲडमिट होणं. हा काळ अतिशय कठीण असतो, पण औषध देण्याची जबाबदारी बरीचशी हॉस्पिटलकडे असते. त्यानंतर येतो तो ‘मेंटेनन्स’. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की आपण म्हणतो ना, ‘मेंटेनन्स आहे’, तसलाच शब्द. फरक इतकाच की हा मेंटेनन्स दीड-दोन वर्षं चालतो आणि तो हॉस्पिटलमध्ये होत नाही, घरात होतो.

मेंटेनन्समध्ये मुख्य औषधं दोन. एक ‘मर्कॅप्टोप्युरिन’, जिला सगळे ‘सिक्स एमपी’ म्हणतात. ही रोज. दुसरं ‘मेथोट्रेक्सेट’, हे आठवड्यातून एकदा. यांच्या जोडीला बऱ्याच मुलांना ठरावीक आठवड्यांनी व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आणि पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. शिवाय फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून जपायला आठवड्यातले दोन-तीन दिवस कोट्रायमोक्साझोल. म्हणजे एकाच घरात चार वेगवेगळ्या चालींची औषधं: रोजचं, आठवड्याचं, ठरावीक वारांचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाच दिवसांचं. शिकलेल्या माणसाचाही इथे घोळ होतो.

जाता जाता एक गोष्ट. ही दोन्ही औषधं खूप जुनी आहेत. सिक्स एमपी अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५१ मध्ये तयार केली, १९५३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मेथोट्रेक्सेटच्या मागे आंध्रातून अमेरिकेला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी होते. सत्तर वर्षं झाली, तरी एएलएलचा शेवटचा मोठा टप्पा अजून याच दोन गोळ्यांवर उभा आहे.

एक गोळी राहिली तर एवढं काय होतं?

एका रात्रीने आभाळ कोसळत नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्या आईची काल गोळी द्यायची राहिली ती हे वाचत असेल, तर तिने घाबरून जाऊ नये.

पण सिक्स एमपी काम कसं करते ते बघा. ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात परिणाम दाखवून मोकळी होत नाही. शरीरात तिचं रूपांतर दुसऱ्या घटकांत होतं, ते घटक पेशींमध्ये हळूहळू साठतात आणि लपून बसलेल्या कॅन्सरच्या पेशी वाढायला लागल्या की त्यांच्या डीएनएमध्ये शिरून त्यांना अडवतात. गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. रोज थोडं थोडं पाणी चढलं तर टाकी भरलेली राहते. आज चढलं, उद्या नाही, परवा दुप्पट, असं केलं तर पातळी वर-खाली होत राहते. औषधाची पातळी खाली गेली की कॅन्सरच्या पेशींना सवड मिळते.

याचा हिशोब अमेरिकेत झाला आहे. डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या सिक्स एमपीच्या डबीला असं झाकण लावलं, ज्यात एक चिप असते आणि झाकण कधी उघडलं याची नोंद होते. २०१५ मध्ये त्यांनी ७४२ मुलांचे निष्कर्ष मांडले. ज्या मुलांच्या गोळ्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी दिवस घेतल्या गेल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका साधारण २.७ पट होता.

९५ टक्के म्हणजे किती, ते मोजा. ३० दिवसांच्या महिन्यात दोन गोळ्या राहिल्या, की आपण ९३ टक्क्यांवर येतो. परीक्षेत ९३ मिळाले तर पेढे वाटतात. इथे मात्र दर महिन्याला दोन गोळ्या राहायला लागल्या, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालण्याइतकं मोठं आहे.

लपवलेला खाडा जास्त महागात पडतो

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हा, आणि यावर फार कमी बोललं जातं.

मेंटेनन्समध्ये दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. ‘काउंट’ बघतात. त्यातली ‘एएनसी’ म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या. ती उपचारपद्धतीनुसार साधारण ५०० किंवा ७५० पासून १५०० पर्यंत ठेवायचा प्रयत्न असतो. फार खाली गेली तर संसर्गाचा धोका म्हणून डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात. बराच काळ वरच राहिली, तर औषध कमी पडतंय असं समजून डोस वाढवतात.

आता समजा, महिन्यात सहा गोळ्या राहिल्या. साहजिकच काउंट वर राहिले. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळ्या नीट चालू आहेत ना?’ मागे चाळीस माणसं रांगेत, समोर डॉक्टर, मनात अपराधीपणा. आई म्हणते, ‘हो, रोज देतो.’ डॉक्टर डोस वाढवतात. घरी आल्यावर आई घाबरून पुढचा महिना एकही खाडा होऊ देत नाही. वाढलेला डोस आणि रोज. काउंट एकदम कोसळतात, ताप येतो, पोर ॲडमिट होतं, आणि मग गोळ्या खरोखरच थांबवाव्या लागतात. एका खोट्या ‘हो’मधून एवढं सगळं होऊ शकतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. त्याच अमेरिकी अभ्यासात घरच्यांनी सांगितलेले दिवस आणि झाकणाने नोंदवलेले दिवस ताडून पाहिले. ८४ टक्के मुलांच्या बाबतीत, निदान काही काळ तरी, सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा निघाला. काही जण मुद्दाम सांगत असतील, पण बऱ्याच जणांना खरंच आठवत नसतं. महिनाभरापूर्वीच्या मंगळवारी रात्री काय केलं, हे तुम्हाला तरी आठवतंय का?

म्हणून आठवणीवर विसंबायचं नाही, लिहायचं.

कालनिर्णय काढा

आपल्या घरात दुधाचे खाडे कुठे लिहितात? भिंतीवरच्या कॅलेंडरवर. गॅस सिलिंडर कधी लावला, पेपर कधी आला नाही, सगळं तिथेच. गोळीही तिथेच लिहा. गोळी दिली की त्या तारखेवर बरोबरची खूण आणि देणाऱ्याचं आद्याक्षर. राहिली तर त्या चौकोनात ‘खाडा’. डॉक्टरांनीच थांबवली असेल तर ‘थांब’. या तीन खुणा पुरतात. ओपीडीला जाताना त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून न्या. डॉक्टरांनी विचारलं की फोटो पुढे करा, तोंडाने काही सांगायचीच गरज नाही.

आद्याक्षर कशासाठी? वरच्या गोष्टीत आईला वाटलं आजीने दिली, तसं होऊ नये म्हणून. याच कारणाने उलटंही होतं: दोघीही देतात आणि दुहेरी डोस जातो.

‘थांब’ ही खूण तर फार कामाची. काउंट पडले म्हणून डॉक्टर गोळी थांबवतात आणि सांगतात, ‘रिपोर्ट दाखवा, मग सुरू करू.’ रिपोर्ट येतो, व्हॉट्सॲपवर जातो, उत्तर यायला उशीर होतो, मध्ये शनिवार-रविवार येतो, आणि पाच दिवसांची सुट्टी बारा दिवसांची होते. म्हणून गोळी थांबवली त्याच दिवशी विचारून घ्या: पुन्हा रक्त कधी तपासायचं, रिपोर्ट कुणाला सांगायचा आणि कुठल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर कुणाला फोन करायचा. ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

मोबाईलचा अलार्म लावावाच. पण अलार्मवर सगळा भरवसा टाकू नका. याच अमेरिकी गटाने ४४४ मुलांवर एक प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या घरांना गोळ्यांबद्दल नीट समजावून सांगितलं, रोज मोबाईलवर आठवणीचा मेसेज पाठवला आणि घरच्या मोठ्या माणसाने समोर उभं राहून गोळी द्यायची असं ठरवून दिलं. उरलेल्यांना फक्त समजावून सांगितलं. एकूण हिशोबात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. बारा वर्षांवरच्या मुलांना मात्र थोडा फायदा झाल्याचं दिसलं. म्हणजे मेसेजने कामं सोपी होतात, पण वडील ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना अलार्म वाजला, तर तो बंद करून गाडी पुढे जाते. अलार्म त्याच्याच फोनवर लावा, जो त्या वेळी मुलाच्या जवळ असतो.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्या घरांनी आणखी एक करावं. रविवारी रात्री बसून पुढच्या सात रात्रींची नावं लिहावीत. सोमवार आई, मंगळवार वडील, असं. प्रत्येक नावाखाली एक पर्यायी नाव.

उपाशीपोटीच? दुधाबरोबर नाहीच?

गोळी राहण्याचं एक कारण आपल्याला सुचतही नाही. ते म्हणजे गोळीभोवती उभे केलेले नियम.

अनेक वर्षं सांगितलं जायचं की सिक्स एमपी रात्रीच, जेवणानंतर दोन तासांनी, उपाशीपोटी आणि दुधाशिवाय द्यायची. दुधातल्या एका घटकामुळे औषधाचं विघटन होतं, हे त्यामागचं कारण. आता सहा वर्षांचं पोर साडेनऊला जेवतं आणि दहाला पेंगतं. दोन तासांनी म्हणजे साडेअकरा. त्याला झोपेतून उठवून कडू गोळी द्यायची. किती रात्री जमेल?

२०१७ मध्ये भाटिया यांच्याच गटाने हेही तपासलं. रात्री की सकाळी, जेवणाबरोबर की जेवणाशिवाय, दुधाबरोबर की पाण्याबरोबर, याचा आजार उलटण्याशी संबंध आढळला नाही. उलट हे नियम पाळण्याच्या नादात गोळीच राहून जाऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तुमच्या घरात हे नियम जाचत असतील, तर पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना सरळ विचारा, ‘जेवणाबरोबर दिली तर चालेल का?’ बऱ्याचदा चालतं. परस्पर बदलू नका, कारण तुमच्या मुलाचं सगळं चित्र त्यांच्यासमोर असतं.

वेळ बदलायची परवानगी मिळाली, की गोळी अशा गोष्टीला बांधा जी घरात रोज होतेच. रात्रीचं जेवण, दिवाबत्ती, दात घासणं. घड्याळातल्या नऊपेक्षा ‘आमटी-भाताच्या आधी’ जास्त पक्कं असतं.

मेथोट्रेक्सेट: इथे चूक परवडत नाही

सिक्स एमपी राहिली तर सावरता येतं. मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्याऐवजी चुकून रोज दिलं गेलं, तर जिवावर बेततं. संधिवाताच्या मोठ्या माणसांमध्येही जगभर या चुकीने मृत्यू झाले आहेत. गोळ्या लहान असतात, साधारण अडीच मिलिग्रॅमच्या, एका वेळी चार-पाच-सहा घ्यायच्या असतात. नवीन माणसाला वाटतं, इतक्या आहेत म्हणजे रोज एक असेल.

म्हणून वार ठरवा आणि तो मोठ्या अक्षरांत पाकिटावर लिहा. ‘आठवड्यातून एकदा’ इतकंच लिहून भागत नाही. ‘गुरुवार’ असं लिहा. आपल्याकडे वार लक्षात राहायला उपास असतातच, गुरुवारी पाणीही बंद असतं, त्याचा उपयोग करून घ्या. या गोळ्या सिक्स एमपीच्या डब्यात ठेवूच नका. वेगळा डबा, वेगळं फडताळ, आणि चावी असली तर उत्तम. रोजच्यापेक्षा जास्त दिल्याचा संशय जरी आला, तरी मूल ठीक दिसतंय म्हणून वाट बघू नका. लगेच हॉस्पिटलला फोन करा आणि निघा.

पाच दिवसांच्या स्टेरॉइडचंही तसंच. सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख दोन्ही लिहा. त्या पाच दिवसांत पोर चिडचिडं होतं, रात्री दोनला उठून वरण-भात मागतं. ते औषधाचं असतं, लाडाचं नसतं.

अर्धी गोळी, पाऊण गोळी

सिक्स एमपीची गोळी ५० मिलिग्रॅमची. लहान मुलाचा डोस त्यात नेमका बसत नाही. मग कागदावर येतं: ‘सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार अर्धी.’ मुलाची उंची-वजन वाढलं की हे गणितही बदलतं.

घरी करायचं ते असं. दर रविवारी सात कप्प्यांच्या डबीत आठवडा भरा. केमिस्टकडे सात दिवसांची डबी मिळते. नाही मिळाली, तर सात लहान कागदी पाकिटं आणि त्यांवर वार. डबी भरताना कागद शेजारी हवा आणि दुसऱ्या माणसाने मोजून बघायला हवं. डॉक्टरांनी डोस बदलला की जुना कागद फाडून टाका. फाईलमध्ये दोन-तीन जुने कागद राहतात आणि आजी नेमका जुनाच वाचते.

गोळी मोडायला गोळी कापायचं लहान यंत्र वापरा. स्वयंपाकाची सुरी, खलबत्ता, मिक्सर यांना या औषधाजवळ येऊ देऊ नका. हे केमोचं औषध आहे. हातात मोजे घाला, नंतर हात धुवा, भुकटी उडू देऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्या हाताळू नयेत. उलटी किंवा लघवी साफ करतानाही मोजे घालायचे.

गोळी गिळायची कटकट मोठी आहे. पोर तोंडात धरून ठेवतं आणि नंतर बेसिनमध्ये थुंकतं. यावर आपल्या महाराष्ट्रातच एक चांगलं काम झालंय. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि त्यांचं खारघरचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र, यांनी बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जबरोबर मिळून सिक्स एमपीचं पातळ औषध तयार केलं. नाव ‘प्रिव्हॉल’. भुकटी येते, ती पाण्यात मिसळायची आणि सिरिंजने नेमक्या मिलिलिटरमध्ये मोजून द्यायची. भारतात बनलेलं असं हे पहिलंच औषध, २०२४ च्या सुरुवातीला त्याची बातमी आली होती. अर्धी-पाऊणचा घोळच संपतो. तुमचं मूल लहान असेल आणि गोळीवरून रोज युद्ध होत असेल, तर डॉक्टरांना याबद्दल विचारा.

गोळी दिल्यावर उलटी झाली तर? किती वेळात झाली तर परत द्यायची, याचा प्रत्येक हॉस्पिटलचा आपला नियम असतो. तो उपचाराच्या पहिल्याच महिन्यात विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मनाने दुसरी गोळी देऊ नका. आणि काल राहिली म्हणून आज दोन, असं तर कधीच नाही.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘घेतली’

लहान मुलांपेक्षा मोठ्या मुलांचे खाडे जास्त होतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण समजण्यासारखं आहे. त्याला आता पेशंट राहायचं नसतं. दहावीचं वर्ष, क्लास, मित्र. घरचे म्हणतात, मोठा झालाय, त्याची जबाबदारी त्याच्यावर सोडू.

सोडू नका. त्याला कप्प्यांची डबी भरू द्या, वेळ त्याला ठरवू द्या, काउंटचा रिपोर्ट त्याला वाचायला शिकवा. पण गोळी तोंडात जाताना कुणीतरी मोठ्याने बघायलाच हवं. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, हे त्याला आधीच सांगून टाका. आणि त्याने कबूल केलं की ‘परवा नाही घेतली’, तर ओरडू नका. ओरडलात, तर पुढची गोष्ट तो तुम्हाला सांगणार नाही.

पालखी, गणपती, गावची जत्रा

खाडे जास्त होतात ते घरची घडी विस्कटते तेव्हा. लग्न, सुट्टी, गावाला जाणं. हडपसरकरांना एक जास्तीचं माहीत असावं: ज्ञानोबा आणि तुकोबा, दोन्ही पालख्या हडपसरहून पुढे जातात आणि इथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे. त्या दिवशी औषध आणायला शहरात जायचं म्हटलं, तर विसरा.

सिक्स एमपी कोपऱ्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. त्यामुळे घरात निदान दहा दिवसांचा जास्तीचा साठा ठेवा आणि तो उघडायची वेळ आली, की त्याच दिवशी पुढची सोय करा. गावाला जाताना औषध, डोसचा कागद आणि शेवटचा रिपोर्ट एकाच पिशवीत, आणि ती पिशवी गाडीच्या डिकीत टाकू नका. उन्हाळ्यात तिथे औषधाचं भरीत होतं.

गावी गेलं की सल्ले सुरू होतात. ‘अजून गोळ्या चालूच? पोर तर धडधाकट आहे.’ कुणीतरी काढा देतं, कुणी वैदूचं औषध. मेथोट्रेक्सेट आणि सिक्स एमपी दोन्हींचा भार यकृतावर पडतो, त्यात अनोळखी काढ्याची भर नको. ताप किंवा दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, मेथोट्रेक्सेटबरोबर ती त्रास देऊ शकते. आणि मेंटेनन्समधल्या मुलाला ताप आला, तर सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठायचं.

पैसे आणि प्रवास

गोळ्या राहण्यामागे कधी कधी साधा खिसा असतो. गोळ्या फार महाग नसतात, पण दर खेपेला बुडालेली रोजंदारी, रिक्षा, तपासण्या यांनी घर दमतं. मग एक ओपीडी चुकते, दुसरी चुकते. सलग चार आठवडे उपचार सुटला, की डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘उपचार सोडून देणं’ म्हणतात. टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या विभागाशी जोडलेलं ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’ नेमकं हेच रोखायचं काम करतं: पैसे, राहणं, जेवण यांची सोय आणि न आलेल्या कुटुंबाचा पाठपुरावा. राहण्यासाठी ‘सेंट ज्यूड इंडिया’ची केंद्रं २००६ पासून आहेत, तिथे बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत राहता येतं.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत मिळतात, त्यात कॅन्सरही आहे. तिथल्या काउंटरवर बसलेल्या ‘आरोग्यमित्रा’ला एक नेमका प्रश्न विचारा: मेंटेनन्सच्या घरच्या गोळ्या पॅकेजमध्ये आहेत का, की त्या आपण घ्यायच्या? पुण्याहून परळला उपचारासाठी जाणाऱ्यांना रेल्वेत सवलत आहे. हॉस्पिटलच्या दाखल्यावर कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट.

नातेवाईक आणि शेजारीही यात येऊ शकतात. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर सहसा कुणी काही सांगत नाही. त्यापेक्षा म्हणा, ‘महिन्याच्या रक्त तपासणीला मी घेऊन जातो’ किंवा ‘तुमची दोघांची ड्युटी असेल त्या रात्री नऊला मी खाली येऊन गोळी देते आणि कॅलेंडरवर माझं अक्षर टाकते.’